तीनशेच्या भावात साडेचारशे

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात, जुन्या मराठी बिऱ्हाडांमध्ये, हे भाऊ हमखास भेटतात. वय पन्नाशीपुढचं. स्कूटर चाळिसाच्या वर नेणार नाहीत, सेव-उसळीवर तरी घेताना दुकानदाराचा हात धरतील. आणि घरातला प्रोसेसर मात्र कंपनीनं आखून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवतील. लोकांना वाटतं, भाऊ आतून धाडसी आहेत. कसले धाडसी! पक्के चिकट आहेत. ओव्हरक्लॉकिंग हा मुळात काटकसरी माणसाचा छंद.

भाऊंचा सुवर्णकाळ म्हणजे 1998. त्या साली इंटेलचा सेलेरॉन 300ए आला. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले गुणक; याचा गुणक साडेचारवर कायमचा बांधलेला. पण बस 66 वरून 100 मेगाहर्ट्झवर नेली की तोच स्वस्तातला प्रोसेसर 300 ऐवजी 450 नं धावायचा. "पैसे तीनशेचे, माल साडेचारशेचा!" हे सांगताना भाऊंना अजून गहिवरून येतं.

कुणी शिकाऊ पोरगा आला की पहिला प्रश्न ठरलेला, "नावाच्या शेवटी के आहे का?" इंटेलमध्ये सहसा के-वाल्यांचाच गुणक खुला असतो, आणि मदरबोर्डही तसा लागतो. के नसेल तर पोराला चहा पाजून वाटेला लावतात. असेल तर वही निघते. आधी काहीही न बदलता प्राइम95 हे प्रोसेसरला घाम फोडणारं सॉफ्टवेअर चालवायचं आणि तापमान टिपायचं. मग बायोसमध्ये जाऊन गुणक एकानं वाढवायचा, म्हणजे 100 मेगाहर्ट्झ. पुन्हा चालवायचं, पुन्हा टिपायचं.

पोरगा दहाव्या मिनिटाला चुळबुळतो. "काका, एकदम पाचनं वाढवू या ना?"

"एका वेळी एकच गोष्ट, आणि तीही एकच पायरी. घाई केलीस आणि मशीन लटकलं, तर दोष कशाला देशील?"

व्होल्टेजला हात अगदी शेवटी, तोही चिमटीनं. इथे भाऊ मास्तर होतात. वेग 10 टक्के वाढला तर उष्णता साधारण तेवढीच वाढते. व्होल्टेज 10 टक्के वाढवलं की वर्गाचा हिशेब लागतो आणि ती 21 टक्के चढते. 85 अंश ही भाऊंची लक्ष्मणरेषा. ती ओलांडली की मुकाट्यानं एक पायरी खाली. बायोस अगदीच रुसला तर वायर काढून बोर्डावरचा गोल सेल थोडा वेळ बाहेर ठेवायचा. सगळं मूळपदावर येतं. वॉरंटीबद्दल विचारलंत तर भाऊ विषय बदलतात.

पंख्याचा कूलर कितीही दांडगा असो, प्रोसेसरला खोलीतल्या हवेहून थंड करू शकत नाही. त्यामुळे भाऊंचं पंचांग वेगळं. उत्तरायणाला अख्खं गाव गच्चीवर "काप्यो छे!" ओरडत असतं, तेव्हा भाऊ खाली खिडक्या सताड उघड्या टाकून स्वेटरमध्ये बसलेले. वर्षातला सगळ्यात मोठा आकडा याच दिवसांत निघतो. मे महिन्यात पारा 42 वर गेला की तीच सेटिंग माना टाकते. मग बायोसमध्ये साठवलेलं उन्हाळी प्रोफाइल. शेजारचे गुजराती काका दरवर्षी कळवळून सांगतात, "भाई, एसी नखावी दो ने!" भाऊंना हे लागतं. एसीच्या जिवावर वेग काढायचा तर मग थेट महागडा प्रोसेसरच घ्यावा की!

खरा घाव घातला तो नव्या प्रोसेसरांनी. हे आपण होऊनच, तापमान बघत बघत, जमेल तेवढे वर धावतात; हातानं वाढवायला फारसं उरतच नाही. भाऊ आठवडाभर नीट जेवले नाहीत. मग त्यांना अंडरव्होल्टिंगचा शोध लागला: वेग तोच ठेवून व्होल्टेज हळूहळू उतरवायचं. ताप कमी, पंख्याचा आवाज कमी आणि वर विजेची बचत! चिकटपणाला इतकं शास्त्रीय रूप पूर्वी मिळालं नव्हतं.

भाऊंच्या वहीत आजवर वाचलेल्या पैशांची बेरीज आहे. कूलर, पेस्टच्या नळ्या, दांडगा पॉवर सप्लाय यांचा त्यात उल्लेख नाही. ती वही वहिनींकडे आहे, पावत्या टाचलेली.