भाडेकरूचं घर

दर हिवाळ्यात ताम्हिणीच्या रानात आमचा एक भाडेकरू येतो. निळ्या डोक्याचा कस्तुर. सावलीत गप्प बसायचं, मध्येच खाली उतरून पाचोळ्यातला किडा टिपायचा, पुन्हा गप्प. उन्हाळा चढला की एक दिवस न सांगता पसार. कित्येक वर्षं मी त्याला मुखदुर्बळ समजत होतो.

मग एकदा मे महिन्यात नैनीतालजवळच्या पंगोटला गेलो. हिमालयाच्या या उतारांवर तो विणीसाठी येतो. पहाटे बांज ओकच्या जंगलात एक कोकीळवर्गातला पक्षी ओरडत होता. कुमाऊंत म्हणतात, तो 'काफल पाको', म्हणजे काफळाची फळं पिकली, असं सांगतो. आपल्या पावशाचा 'पेरते व्हा' हुकूमच असतो. इथला बिचारा नुसती बातमी देतो.

तेवढ्यात वाटाड्या पोरगा कुजबुजला, "सर, ऊपर!"

चीड पाइनच्या शेंड्यावर आमचा भाडेकरू. छाती फुगवून, मान वर करून गात होता. आणि काय ते कपडे! हिवाळ्यात त्याच्या पिसांना मातकट कडा असतात. त्या झिजल्या की आतला निळा-नारिंगी रंग उघडा पडतो. माझे शर्ट वापरून विटतात, याचा वापरून उजळतो.

मी ट्रायपॉड रोवला, फोकस जमवला, श्वास रोखला. तो पलीकडच्या झाडावर. तिकडे वळलो, तर तो पुन्हा अलीकडे. त्या सकाळचे माझ्याकडे रिकाम्या फांद्यांचे अत्यंत सुस्पष्ट फोटो आहेत.

पोराने खिशातून मोबाइल काढला. त्यावर कस्तुराचंच गाणं वाजवलं की दुसरा नर हद्दीत घुसला असं वाटून तो तावातावाने जवळ येतो. मी नको म्हटलं. घरात पिल्लं असताना बापाला खोट्या भांडणासाठी दारात बोलवायचं, हे आमच्या वाड्यातही कोणी केलं नसतं. (केलं असतं. पण फोटोसाठी नाही.)

शेवटी तो आपणहून समोरच्या खडकावर उतरला, चोच उघडून एक लांब तान घेतली आणि मी बटण दाबलं.

तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"छान आलाय हो," म्हणाल्या. "अगदी जांभई देताना पकडलात!"