शेणाने सारवलेला स्वीट

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत हल्ली घर कुणाचं, हे भिंतीवरून ओळखता येतं. दारात फॉर्च्युनर उभी असेल तर घर मातीचं. दारात शेळी बांधलेली असेल तर घरकुल योजनेतलं, सिमेंटचं. इथल्या माणसाने पिढ्यान् पिढ्या कुडाच्या भिंती लिंपल्या तेव्हा तो मागासलेला होता. त्याच भिंतीवरून पुण्याच्या आर्किटेक्टने हात फिरवला की ती ‘शाश्वत’ होते आणि रात्रीचं भाडं पाच आकड्यांत जातं.

पानशेत, भाटघर, गुंजवणी अशा धरणांच्या काठाने या इको-लक्झरी मुक्कामांचं पीक जोरात आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं : ‘ना टीव्ही, ना नेटवर्क. फक्त तुम्ही आणि निसर्ग.’ मढे घाटाकडच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं वर्षानुवर्षं हीच गोष्ट अर्जात लिहून तहसीलला देतात. रेंज नाही म्हणून रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, ही त्यांची अडचण. तुमच्यासाठी तेच डिजिटल डिटॉक्स, वर जीएसटी.

खोलीत शिरल्यावर पहिलं दर्शन घडतं ते न्हाणीघरातल्या चिठ्ठीचं. हातकागद, कडेला वाळलेलं पान चिकटवलेलं, वर सुतळीची गाठ. मजकूर असा : ‘पृथ्वीसाठी टॉवेल दुसऱ्यांदा वापरा.’ वाचून डोळे पाणावतात. मग त्याच डोळ्यांनी खिडकीबाहेर पाहावं. पोहण्याचा तलाव काठोकाठ भरलेला, आणि त्याची कड अशी बेतलेली की त्याचं पाणी कुठे संपतं आणि धरणाचं कुठे सुरू होतं, ते कळू नये. या बाबतीत मालक प्रामाणिक आहे. ते त्यालाही कळत नसावं.

पाण्याचा हिशोब मात्र कळण्यासारखा आहे. पानशेत १०.६५ टीएमसीचं, वरसगाव १२.८२ टीएमसीचं. दोन्हींचं पाणी खडकवासल्यात उतरून पुण्याच्या नळाला येतं. भोरकडे भाटघर साडेतेवीस टीएमसीचं, १९२८ साली पुरं झालेलं. ते नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणचा ऊस पोसतं. उन्हाळ्यात भाटघर आटलं की पाण्यात बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं आणि आपण ते बघायला जातो. त्याच दिवसांत काठावरच्या वस्त्यांवर बायका टँकरच्या हॉर्नकडे कान लावून बसलेल्या असतात. वेल्हे तालुक्याचं नाव २०२५ मध्ये राजगड झालं. टँकर जुन्याच रस्त्याने येतो. तर, घरी बारा महिने पानशेतचं पाणी पिणारा पुणेकर पानशेतला येतो, टॉवेल धुवायला टाकत नाही आणि पृथ्वी वाचवून रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या कोंडीत उभा राहतो.

जेवणाचं विचारू नका. शेफ उत्तराखंडचा. चुलीपुढे बसून भाकरी थापणाऱ्या मावशी मात्र इथल्याच, कारण त्यांच्याशिवाय ‘लाइव्ह काउंटर’ जमत नाही. एरवी त्या पाचवारी नेसतात. ड्युटीवर नऊवारी सक्तीची. कुर्डू नि भारंगी तांब्याच्या वाटीत येते, चमचाभर. आणि गेटवर सलाम ठोकणारे काका? जमीन त्यांचीच होती. आता तिथे राखण करतात, आठ-आठ तासांच्या पाळीने.

वरसगावच्या काठी लवासा होऊन गेलं. त्याने निदान इटलीचं सोंग घेतलं होतं. हे लोक आपलंच सोंग घेऊन ते आपल्यालाच विकतात. आधी जेसीबीने डोंगराला खाच पाडायची, मग खाचेत बांबू लावायचा, मग पाहुण्यांच्या हस्ते वृक्षारोपण. रोपाशेजारी पाहुण्याच्या नावाची पाटी. रोप शेळी खाते, पाटी टिकते. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा केंद्राने २०१४ साली काढला. त्याची सहावी आवृत्ती ३१ जुलै २०२४ ला निघाली. मसुदा आवृत्त्या मोजतो, जेसीबी गुंठे.

कोस्टा रिका या देशाने १९९०च्या दशकात हॉटेलांना पानं द्यायला सुरुवात केली, एकापासून पाचापर्यंत. जितकी पानं जास्त, तितकं हॉटेल हिरवं. आपल्याकडे पान दिलं तर ते खाऊन पिचकारी मारतील. म्हणून आपण हंडे द्यावेत. तपासणी मे महिन्यात, पावसाळ्यात अजिबात नाही. तपासायला दिल्लीचा सल्लागार नको. खालच्या वस्तीवरच्या दोन बायका पुरेत. तलाव भरलेला आणि वस्तीवरचे हंडे रिकामे, तर मानांकन शून्य, मग छपराला कितीही गवत लावा. वस्तीला पाणी, माणसांना बारमाही पगार आणि ओढ्याची वाट मोकळी ठेवलेली असेल, तर पाच हंडे. असं करणारे थोडे का होईना, आहेत. त्यांना पान नाही आणि हंडाही नाही.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. शेतकऱ्याने आपल्याच शेतात चार खोल्या बांधून पाहुणे ठेवावेत, हा त्याचा अर्थ. तशी घरं राजगडाच्या पायथ्याला आहेत. इंद्रायणीचा भात, पिठलं, ओसरीवर अंथरूण. तिथे चिठ्ठीबिठ्ठी लावत नाहीत, पाणी कमी असलं तर आजी तोंडावर सांगते.

तेव्हा पुढच्या वेळी बुकिंगचा फोन लावाल तेव्हा सूर्योदय कुठल्या खिडकीतून दिसतो, हे नंतर विचारा. आधी विचारा, मे महिन्यात तुमचं पाणी कुठून येतं, आणि खालच्या वस्तीचं कुठून? समोरचा ‘मॅनेजरला देतो’ म्हणाला, तर फोन ठेवून द्या.