ढोकीचे क्लॉकराव

कंपनीनं वस्तू जशी दिली तशीच वापरायची, हे काही माणसांना कमीपणाचं वाटतं. असा एकजण गावागणिक असतोच. मागच्या पिढीत तो माठात स्पीकर बसवून आवाज घुमवायचा, लुनाचा कार्बोरेटर खोलून चौकात बसायचा. आता तो प्रोसेसर पळवतो, म्हणजे ओव्हरक्लॉक करतो.

ढोकीतल्या या गृहस्थाचं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, पॅनकार्ड, पीकविमा, जे लागेल ते मिळतं. खरं नाव त्यांच्या आधार कार्डावर असेल. आपण त्यांना क्लॉकराव म्हणू. खिशाला पेन नसतं, स्क्रू-ड्रायव्हर असतो. पाकिटात देवाच्या फोटोमागं सीआर-2032 नावाचा बटणासारखा सेल असतो, कारण कधी कुठल्या मशीनचा बायोस, म्हणजे मुळातलं सेटिंग, रुसेल सांगता येत नाही. घरातल्या पंख्याचा कपॅसिटर त्यांनी मोठा बसवला आहे. त्या पंख्याखाली पाहुणे जेवायला बसले की पापड हातानं धरून ठेवतात.

मशीन म्हणाल तर 2017 सालचा रायझन 5 1600. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेला. कॅबिनेटचं झाकण कायम उघडं. त्या झाकणावर वहिनी कुरडया वाळत घालतात. या प्रोसेसरचा मूळ वेग 3.2 गिगाहर्ट्झ. हिशेब सरळ आहे: पाया 100 मेगाहर्ट्झचा, त्याला गुणक 32. क्लॉकराव बायोसमध्ये जातात आणि 32 च्या जागी 39 लिहितात. एवढंच. बाकीचं आयुष्य हे 39 निस्तरण्यात जातं.

कारण वेग वाढवला की प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागतो, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. 1.2 चे 1.4 व्होल्ट केले की तेवढ्यानंच छत्तीस टक्के जादा उष्णता. वाढलेल्या वेगाची वेगळी. पिशवीत खताची पावती घेऊन आलेल्या माणसाला क्लॉकराव हे सगळं समजावून सांगतात. तो बिचारा "बरं बरं" म्हणतो आणि विचारतो, "मग माझा सातबारा कव्हर निघंल?"

सातबारा निघत नसतो, कारण सर्व्हर डाऊन असतो. ही क्लॉकरावांच्या आयुष्यातली मोठी शोकांतिका. बारा थ्रेड जिवाच्या आकांतानं तयार उभे आणि पडद्यावर एक गोल चक्र फिरतंय. तुमचा प्रोसेसर तीनवर पळो की चारवर, पलीकडचा सर्व्हर जागचा हलत नाही. हे क्लॉकरावांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तरी ते वाढवतात. "काय उपयोग?" असं कुणी विचारलं, तर 1998 च्या सेलेरॉन 300ए ची पोथी काढतात. तीनशे मेगाहर्ट्झचा स्वस्तातला प्रोसेसर. लोकांनी त्याचा बस वेग 66 वरून 100 वर नेला आणि तो 450 वर पळाला, त्या काळच्या सगळ्यात महागड्या प्रोसेसरच्या पंगतीला जाऊन बसला. हे सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. ऐकणाऱ्याचं पॅनकार्ड तसंच राहतं.

पण त्यांना नुसतं उतावीळ समजाल तर चुकाल. वेगाच्या मागं लागलेल्या या माणसाइतकी वाट बघणारा माणूस मी पंचक्रोशीत पाहिला नाही. गुणक बदलायला दोन मिनिटं लागतात. तो टिकतो का हे बघायला रात्र. त्यासाठी ते प्राइम95 लावतात. हा प्रोग्रॅम मुळात मर्सेन मूळ संख्या हुडकणाऱ्यांचा. त्यांची जगभरची मोहीम 1996 पासून चालू आहे. उत्तरं आधीच ठाऊक असलेली अवाढव्य गणितं प्रोसेसरकडून करून घ्यायची. एक जरी चुकलं तरी सेटिंग नापास. ढोकीत मध्यरात्री सगळी आळी झोपलेली असताना एक यंत्र अशी गणितं सोडवत असतं आणि समोर गुडघ्याला हात बांधून क्लॉकराव.

मेमरीचं दुखणं त्याहून जुनाट. खोक्यावर 3200 छापलेलं, आणि पहिल्या पिढीतल्या रायझनला तो वेग पेलवेना. गाडी 2933 वर अडलेली. या मधल्या 267 साठी क्लॉकरावांनी जी झोप घालवली, तेवढ्यात दुसऱ्यानं विहीर खोदली असती. 1.35 व्होल्ट, टायमिंग 16-18-18-38, मग मेमटेस्टच्या चार फेऱ्या. पहिली पार, दुसरी पार, तिसरीच्या मध्यावर एक लाल ओळ. नाहीतर लाल ओळ येत नाही, लाइट जाते. लाइट गेली की चाचणी पहिल्यापासून. मंडळाला शिव्या घालाव्यात तर क्लॉकराव तेही करत नाहीत. अंधारातच टायमिंग वहीत लिहून ठेवतात.

एक मात्र ते कळकळीनं सांगतात, आणि ते खरं आहे. निळा पडदा येऊन मशीन बंद पडलं तर परवडलं. निदान बिघडलंय हे कळतं. मेमरी गपचूप चुकायला लागली की पडदा हसरा राहतो आणि आत एखादा बिट उलटा होऊन बसतो. फाइल सेव्ह झाली म्हणून सांगते आणि आठवड्यानं उघडत नाही. एका गिऱ्हाइकाचे स्कॅन केलेले बारा कागद असे गेले, तेव्हा क्लॉकराव स्वतः त्याच्या दारात जाऊन कागद परत मागून आले. चहाही घेतला नाही.

उन्हाळा हा त्यांचा वैरी. कुठलाही पंखा प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, आणि मे महिन्यात इथली खोलीच चाळिशी ओलांडते. रायझनची मर्यादा 95 अंश. तिथं पोचला की तो स्वतःच वेग खाली ओढतो. म्हणून क्लॉकरावांची दोन सेटिंग आहेत, रब्बीचं आणि उन्हाळी. थंडीत 39, उन्हात 37.

याच तापापायी ते एकदा जनावरांच्या डॉक्टरांकडं गेले. परदेशात द्रवरूप नायट्रोजन ओतून प्रोसेसर आठ गिगाहर्ट्झच्या वर नेलेत, हे त्यांनी वाचलं होतं. उणे 196 अंश. आणि ढोकीत तो नायट्रोजन एकाच ठिकाणी असतो: गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरात ठेवतात तिथं.

"डॉक्टरसाहेब, तांब्याभर नायट्रोजन द्या की."

"कशाला? म्हैस माजावर आलीय का?"

"म्हैस न्हाई, कॉम्प्युटर."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग शांतपणे विचारलं, "देशी का संकरित?"

नायट्रोजन मिळाला नाही. गोष्ट मात्र सांजच्या आत गावभर झाली.

गावाला त्यांचे आकडे कळत नाहीत असं नाही. गाव आपल्या परीनं लावतं. एका रात्री मशीन टिकलं म्हणून आनंदाच्या भरात त्यांनी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला नुसतं '3900 स्टेबल' टाकलं. सकाळपर्यंत सहा फोन. सोयाबीन 3900 वर थांबलं का, अजून पडंल, का आजच काढावं? एकानं तर टेम्पो सांगून ठेवला होता.

त्यांना खरं ओळखलं ते एकाच माणसानं. हे मामा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. तेरणा सहकारी साखर कारखान्याच्या या गावात दाब, वाफ आणि गाळप हे शब्द कुणाला शिकवावे लागत नाहीत. मामांनी क्लॉकरावांची सगळी कथा ऐकून घेतली, मांडीवर तंबाखू मळली आणि म्हणाले, "आमचंबी हेच व्हतं की रं. मिल ठरल्यापरीस जादा गाळायची. सायब लोक इचारायचे, आज किती टन? चीफ इंजिनिअर तेवढं इचारत नव्हता. त्यो म्हणायचा, किती तास बंद पडली ते सांग. तुझं किती तास बंद पडतंय?"

क्लॉकरावांनी त्या दिवसापासून वहीत तिसरा रकाना आखला. वेग, व्होल्टेज आणि 'बंद'. तिसरा रकाना ते कुणाला दाखवत नाहीत.

आणि जुलैची अखेर आली की एक गोष्ट गुपचूप होते. पीकविम्याची मुदत 31 जुलैची. 2023 आणि 2024 च्या खरिपात विमा एक रुपयात होता, तेव्हा तर केंद्रापुढची रांग रस्त्यावर यायची. त्या आठवड्यात क्लॉकराव दार लावून बायोस उघडतात आणि 'लोड डिफॉल्ट' करतात. 39 चे पुन्हा 32, मेमरी खाली, सगळं कंपनीच्या हुकमाप्रमाणं. दुसऱ्याचा विमा आपल्या हौसेवर टांगायचा नाही, हा त्यांचा नेम. हे कुणाला सांगत मात्र नाहीत.

अशाच एका पहाटे त्यांनी पाचला केंद्र उघडलं. त्या वेळी राज्य झोपलेलं असतं आणि सर्व्हर मोकळा असतो. फॉर्म एकामागं एक भराभरा निघाले. सातपर्यंत निम्मी रांग मोकळी. लोक पावत्या घडी घालत खूष. मामाही रांगेत होते. पावती हातात घेऊन म्हणाले, "पोरा, आज मशीन कसं वाऱ्यावानी पळायलंय! किती केलास रं, चार?"

क्लॉकरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"न्हाई मामा. आज लईच कमी ठिवलंय."

"मग असंच ठिव की," मामा म्हणाले, "कामून वाढवायलास?"

क्लॉकरावांनी पुढच्या माणसाचा अंगठा मशीनवर जरा जोरातच दाबला.