यंदा इंजिन करायचं

वीस-पंचवीस वर्षं जुना मेसी 1035 ज्या घरासमोर उभा असतो, त्या घरात एक आण्णा असतात. कुठे त्यांना बापू म्हणतात, कुठे तात्या. वय साठीच्या पुढे, डोक्याला टोपी, खिशात चुन्याची डबी आणि खांद्यावर ऑइलनं काळं झालेलं फडकं. 'यंदा इंजिन करायचं' हे त्यांचं वाक्य. ते दर पाडव्याला गुढीच्या साक्षीनं बोललं जातं आणि घरातली माणसं मान वर न करता 'व्हय' म्हणतात.

पाडव्यानंतर उन्हाळी नांगरट असते. भाडं दारात चालत येत असताना ट्रॅक्टर खोलून ठेवायला आण्णा काय खुळे आहेत? मे सरतो तोवर मृग तोंडावर. पेरणी उरकली की ट्रॅक्टर छपरात नुसता उभा. खरं तर इंजिन करायला याहून बरा काळ नाही. पण दमट हवेत उघड्या बोअरवर गंज चढतो. ही गोष्ट खरी असल्यामुळे पुढे कुणाला बोलता येत नाही. खंडेनवमीला बॉनेटवर हळदकुंकू वाहिलेलं असतं, त्यावर लगेच पाना कसा चालवायचा? तेवढ्यात कारखान्याचं बॉयलर पेटतं, ऊसतोड सुरू होते आणि ट्रॉली जोडली जाते.

मधल्या काळात आण्णा स्वस्थ बसतात असं मात्र नाही. धुराचा त्यांचा अभ्यास दांडगा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय, पांढरा म्हणजे डिझेल न जळता निघतंय, नाहीतर हेड गॅस्केटमधून पाणी शिरतंय. एवढं गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. आण्णा त्यापुढे जातात. "सकाळचा धूर निळा हाय, पण दुपारी राखाडी पडतुय," असं ते म्हणतात. मग पारावरची चार माणसं उठून सायलेन्सरकडे तोंड करून उभी राहतात आणि एकेक खोकल्यागणिक एकेक मत पडतं. रिंगा गेल्यात. नोझल गेलेत. व्हॉल्व्ह बसत नाहीत. पंप कॅलिब्रेशनला द्या. एकजण ऑइलची टोपी काढून तिथून निघणाऱ्या वाफेवर तळहात धरतो आणि डोळे मिटतो. आण्णा सगळ्यांचं ऐकून घेतात, चहा सांगतात आणि शेवटी विचारतात, "ते खरं, पण तुमी आवाज ऐकला का?"

आवाज हा त्यांचा हुकमाचा पत्ता. धुराला रंग असतो, त्यामुळे त्यावर एकमत होण्याचा धोका असतो. आवाजाला तो नाही.

एके वर्षी ऑइल कमी व्हायचं थांबलं, उलट डिपस्टिकवरची पातळी वर चढू लागली. आण्णांनी ही वार्ता घरोघर पोचवली. ज्या इंजिनाला लोक मोडीत काढत होते, ते आता ऑइल द्यायला लागलं होतं! मिस्त्रीनं डिपस्टिक नाकाला लावली. लिफ्ट पंपाचा डायफ्राम फाटून डिझेल खाली चेंबरमध्ये उतरत होतं. आणखी थोडे दिवस त्या पातळ ऑइलवर चालवलं असतं तर बेअरिंगं उडाली असती. डायफ्राम बदलला. आण्णा खट्टू झाले.

याच मिस्त्रीकडे कॉम्प्रेशन गेज आहे. नोझल काढायचा, त्या जागी गेज लावायचं, स्टार्टर मारायचा, असं तिन्ही सिलिंडरना करायचं. आकडा कमी आला तर बोअरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा चढला तर दोष रिंगा-लायनरचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. सगळं मिळून एका दुपारचं काम. गेजचा विषय निघाला की आण्णांना डेअरीत जायचं आठवतं. माझं मत विचाराल तर त्यांचं बरोबरच आहे. इतक्या वर्षांची चर्चा एका काट्यानं संपवणं हे काही सभ्य माणसाचं लक्षण नाही.

एअर क्लीनरच्या वाटीचा विषय मात्र कुणी काढत नाही. रोटाव्हेटरच्या आणि मळणीच्या धुळीत त्या वाटीतलं ऑइल वेळेवर बदललं नाही, तर धूळ थेट बोअरमध्ये जाते आणि रिंगा सहाणेवर उगाळल्यासारख्या झिजतात. ती वाटी साफ करायचं काम घरात आण्णांकडेच असतं.

त्यांचा थोरला मुलगा नव्या ट्रॅक्टरच्या बाजूचा. 2025 च्या सप्टेंबरात ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला, तेव्हा तो पेढे घेऊन घरी आला. आण्णांनी पेढा खाल्ला आणि सांगितलं, की स्पेअरवरचा पण 18 चा 5 झालाय, आता इंजिनच करायचं. मग सांगू लागले. टॅफे 1960 ला मद्रासला सुरू झाली, इंजिन तिथल्याच सिम्पसनचं, मूळ आराखडा इंग्लंडच्या पर्किन्सचा. "तीन सिलिंडर, पस्तीस हॉर्सपावर. नव्यात सेन्सर घालत्यात. सेन्सर ऊस वडतो का?" मुलगा गप्प बसला. ट्रॅक्टर रात्री उतारावर लावायचं आणि सकाळी ढकलून सुरू करायचं काम त्याच्याकडे आहे.

शेवटी निर्णय आण्णांनी घेतला नाही, ऑइल प्रेशरच्या काट्यानं घेतला. भरली ट्रॉली मागे, पुढे चढ, आणि काटा खाली जाऊन बसला तो उठेना. ट्रॅक्टर ओढत मिस्त्रीच्या दारात आला. या ट्रॅक्टरला वेगळी चॅसी नाही. पुढचा ॲक्सल इंजिनला, इंजिन गिअरबॉक्सला. फुल इंजिन करायचं म्हणजे तो मधून तोडावाच लागतो. दुसऱ्या दिवशी पुढचं धूड एकीकडे आणि मागची दोन मोठी चाकं ठोकळ्यांवर दुसरीकडे असं दृश्य होतं. लायनरच्या वरच्या कडेला नख अडकेल एवढी पायरी पडलेली. क्रँक लेथवाल्याकडं मायक्रोमीटर लावून मोजला, तर तो आधीच वीसवर घासलेला निघाला. म्हणजे पूर्वी कधीतरी इंजिन झालं होतं, तेही गाजावाजा न करता.

"तीसवर घासून मिळंल, नायतर नवा क्रँक टाकू," मिस्त्री म्हणाला. "बोला."

आण्णा क्रँकभोवती दोनदा फिरले. चुना मळला.

"क्लच प्लेटचं काय?"

"चांगली हाय. आत्ताच बघितली."

"आवाज ऐकला का तिचा?"

"आवो, ट्रॅक्टर दोन तुकड्यांत पडलाय. आवाज कुठनं ऐकू?"

"मग आधी जोड," आण्णा म्हणाले. "चालू करून ऐकू. मग ठरवू, क्लचला हात लावायचा का न्हाई ते."