एप्रिलचा नळ बघून पेरा

जानेवारीत कुठल्याही रोपवाटिकेत जा, दारातच बियांच्या पाकिटांचा स्टँड उभा असतो. ब्रोकोली, झुकिनी, लाल कोबी, जांभळं गाजर. फोटो इतके देखणे की हात आपोआप पुढे जातो. ‘आत्ता लावलं तर येईल ना हो?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘येईल की ताई, बारमाही आहे.’ ताई पैसे देतात, पाकीट पर्समध्ये जातं आणि एप्रिलमध्ये ताई सगळ्यांना सांगतात की आमच्या गच्चीत काही येतच नाही. गच्चीचा काही दोष नाही. निवड चुकली.

ब्रोकोलीचा हिशोब बोटांवर मांडता येतो. संक्रांतीच्या सुमारास बी टाकलं तर लावणीजोगं रोप व्हायला चार-पाच आठवडे. लावणीनंतर गड्डा तयार व्हायला आणखी दोन-अडीच महिने. म्हणजे जिला थंडी लागते ती भाजी गड्डा धरणार ऐन एप्रिलात. अकोला-नागपूरकडे तेव्हा पारा चाळिशी गाठतो. असल्या उन्हात गड्डा घट्ट राहत नाही, कळ्या सुटतात, पिवळी फुलं येतात. बी वाईट नव्हतं. ते सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकायचं होतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच: भर थंडीत बी निवडताना आजची हवा बघू नका, पीक फुलावर येईल तेव्हाची बघा. जानेवारीत पेरणारा माणूस उन्हाळ्यासाठी पेरत असतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की निम्मी पाकिटं स्टँडवरच राहतात.

थंडीच्या भाज्यांपैकी आता फक्त झटपट येणाऱ्या धरा. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. मेथी महिन्याभरात ताटात येते. कोथिंबिरीसाठी धने अख्खे टाकू नका. पोळपाटावर पसरून हलक्या हाताने लाटणं फिरवा. प्रत्येक धन्याच्या दोन फाकी होतात आणि प्रत्येक फाकीत एक बी असतं. जोर लावलात तर बीच फुटेल, म्हणून हलका हात. पंधरा दिवसांच्या अंतराने थोडं थोडं टाका, म्हणजे सगळी जुडी एकदम येऊन वाया जाणार नाही. फेब्रुवारी संपला की हे आवरतं घ्या. ऊन तापलं की कोथिंबीर पानं सोडून फुलाच्या मागे लागते. मग पालेभाजीत माठ धरा, तो उन्हाला दाद देत नाही.

उन्हाळ्याची यादी आपल्या आज्यांना तोंडपाठ होती. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, कारलं. या यादीत एकही भाजी अशी नाही जिच्यासाठी यूट्यूब उघडावं लागेल. तरीही गच्चीवर झुकिनी आणि बाजारातून दोडका, असं उलटं चित्र घरोघरी दिसतं. खाता दोडका, तर लावा दोडका.

पण इथेही तारखेची घाई नको. भेंडीच्या बीला ऊब लागते. निफाडकडे पारा एक आकडी झाला असताना टाकलेली भेंडी मातीत गारठून पडून राहते, बरीचशी कुजते आणि मग बियाणं बोगस होतं म्हणून दुकानदाराशी भांडण होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तसली थंडी नसते. तिथे जानेवारीत पेरलेलं बिनघोर उगवतं. घाटावर महिनाअखेर रात्रीची बोचरी थंडी ओसरली की पेरा. सगळ्या महाराष्ट्राला एकच लागवडीचा तक्ता लावणारी पत्रकं मला म्हणूनच पटत नाहीत. तक्ता छापणाऱ्याला तुमच्या अंगणातली पहाट माहीत नसते, तुम्हाला असते.

थांबवत नसेल तर घरात रोपं करा. कारल्याचं बी हातात घेऊन नीट बघा. तपकिरी, खडबडीत, कडेने दातेरी, कवच असं की नखाला दाद देत नाही. ते तसंच गार मातीत खुपसलं तर आठवडेच्या आठवडे गप्प बसतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. मग ओल्या सुती फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात उबेला ठेवा. फडकं ओलं हवं, पाणी ठिबकणारं नको. चार-पाच दिवसांत निमुळत्या टोकाशी पांढरा कोंब दिसतो. दिसला की त्याच दिवशी लावा, कारण तो फार नाजूक असतो आणि मोडला की बी गेलं. दुधाच्या रिकाम्या पिशवीला खाली भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा, बी आडवं ठेवून बोटाच्या एका पेराइतकं दाबा. दोन-तीन खरी पानं आली की पिशवी कापून मातीच्या गोळ्यासकट लावा, कारण वेलाला मुळं दुखावलेली खपत नाहीत. एवढी खटपट का? गारवा आणि लहान दिवस असताना वेलावर मादी फुलं जास्त धरतात, आणि फळ मादी फुलालाच लागतं. ऐन उन्हाळ्यात लावलेला वेल नर फुलांनी भरतो आणि घरातले लोक रोज त्याला नावं ठेवतात.

आता पाणी. निवडीतला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे आणि पाकिटावर नेमका तोच छापलेला नसतो. जानेवारीचा नळ बघून बी घेऊ नका, एप्रिलचा बघून घ्या. जानेवारीत विहिरीत पाणी असतं, सोसायटीची टाकी भरलेली असते, हुरूपही असतो. एप्रिलमध्ये मराठवाड्यात, माणदेशात टँकरची वाट बघणारी गावं असतात आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही पाणी मोजून येतं. काकडीला पाण्याचा ताण सोसत नाही. तिच्यात कडवटपणा उतरतो. गवार आणि चवळी बरंच सोसतात. ज्याच्या घरी पाण्याची खात्री नाही त्याने काकडीचे दोन वेल लावावेत आणि बाकी सगळी गवार-चवळी. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी रोज बादलीत धरलं तर चार-दोन कुंड्या त्यावरच निघतात. हे आधी ठरवा, मग पेरा. भर उन्हाळ्यात पाण्यावाचून जळणारं रोप बघवत नाही, आणि ते टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.

आता पाकिटाच्या आत काय आहे ते बघू. स्टँडवरची बरीच पाकिटं संकरित वाणांची असतात. हे वाण शेतकऱ्यासाठी काढलेले आहेत, आणि त्याच्यासाठी ते योग्यही आहेत. वाशीच्या बाजारात गाडी पाठवायची तर भेंडी एका लांबीची हवी, एकाच वेळी भरपूर तोडा निघायला हवा, प्रवासात माल टिकायला हवा. घरच्या कुंडीला यातलं काहीच नको असतं. घराला दोन दिवसांआड चार माणसांपुरती भाजी हवी, ती लांब हंगामभर मिळायला हवी, कोवळी हवी आणि चवीची हवी. बाजाराचा हिशोब वेगळा, घराचा वेगळा. शिवाय संकरित पिकाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. कुणी उंच, कुणी खुरटं, कुणाची फळं भलतीच. म्हणजे दरवर्षी पुन्हा पाकीट आलंच.

त्यापेक्षा सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण मागा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती भेंडी आहे. केवडा रोगाला तोंड देणारी म्हणूनच ती काढली गेली. राहुरीची हिमांगी काकडी आहे, दापोलीचा कोकण हरिता दोडका आहे, दिल्लीच्या पुसा संस्थेची नवबहार गवार आहे. सरकारी पैशातून, म्हणजे आपल्याच पैशातून, हे वाण तयार झाले. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांवर त्यांची चौकशी करा. आपण मागतच नाही, म्हणून दुकानदार ठेवत नाही.

आणि पाकीट उलटं करून वाचा. १९६६ च्या बियाणे कायद्याने लेबलाला अर्थ दिला आहे: वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवण टक्केवारी, तपासणीची तारीख, वापराची मुदत. प्रमाणित भेंडीची उगवण किमान ६५ टक्के हवी, मिरचीची ६० टक्के. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. आता स्टँडवरची ती पारदर्शक पिशवी आठवा: चिमूटभर बी, स्टेपलची पिन, रंगीत फोटो, आणि तारीख नाही, लॉट नाही, वाणाचं नावही नाही. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचून पुडा परत देणारा ग्राहक इथे गप्प का बसतो? विचारा. तारीख नसेल तर घेऊ नका. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी असेल तर त्याला औषध चोळलेलं असतं. ते मुलांच्या हाती पडू देऊ नका आणि स्वयंपाकघराच्या डब्यात ठेवू नका.

घरातलं जुनं बी फेकण्याआधी तपासा. दहा बिया ओल्या फडक्यात ठेवा. आठवड्याभरात सात-आठ फुटल्या तर बेलाशक पेरा, चार-पाच फुटल्या तर दाट पेरा, त्याहून कमी असेल तर नाद सोडा. मिरचीला दोन आठवडे द्या, ती उशिरा फुटते. कांद्याचं बी मात्र वर्षभरात जोर गमावतं, ते जुनं असेल तर आशा धरू नका.

आता या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, जे विकत घेण्याचं नाही, राखण्याचं आहे. वाल, पावटा, घेवडा यांच्या शेंगा सध्या वेलावर वाळत आहेत. या पिकांचं परागीभवन बहुतेक फुलातल्या फुलात होतं, म्हणून शेंगा आणि टोमॅटो यांचं बी घरी धरणं सोपं. काकडी-भोपळ्याच्या कुळात मधमाश्या सरमिसळ करतात, ते नंतर शिका. आपल्याकडे एक वाईट सवय पडली आहे: चांगल्या शेंगा आमटीत आणि शेवटच्या खुरट्या, किडक्या शेंगा बियाण्याला. मग वाण बिघडला म्हणून ओरड. नेमकं उलटं करा. सगळ्यात जोमदार वेल हेरा, त्याच्या पहिल्या बहराच्या भरदार शेंगांना लाल दोरा बांधा आणि घरात बजावून ठेवा की या तोडायच्या नाहीत. वेलावरच पूर्ण वाळू द्या, शेंग हलवली की आत खुळखुळायला हवी. मग सोलून, सावलीत आणखी वाळवून, चाळलेल्या कोरड्या राखेत घालून काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली ठेवा. वर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा. नाव न लिहिलेली बरणी वर्षभरात कुणालाच ओळखू येत नाही.

हे काम किती मोठं होऊ शकतं ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात दिसतं. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातून, शेजारून, पाड्यापाड्यांतून वाल-घेवड्यापासून भातापर्यंतची देशी बियाणी गोळा केली, पेरली, वाढवली आणि वाटली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंच्या कामाची दखल देशाने २०२० च्या पद्मश्रीने घेतली. त्यांनी सुरुवात केली ती घरच्या बियाण्यापासून. तेवढी सुरुवात प्रत्येक घराला परवडते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पुन्हा पेरायचा, बदलायचा, वाटायचा आणि विकायचाही हक्क त्यात स्पष्ट लिहिला आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही. लिहून ठेवलेला हक्क वापरला नाही तर तो कागदावरच राहतो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होतं. उन्हाळी पेरणीची तयारी करायची वेळही नेमकी हीच. दरवर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटल्या जातात आणि माळ्यावर जातात. यंदा कागदाच्या पुडीत घरच्या चवळीच्या वीस बिया द्या, वर नाव आणि पेरायचा महिना लिहा. डब्यात जपून ठेवलेलं बी काही वर्षांत मरतं. वाटलेलं बी दहा घरी उगवतं, आणि आपल्या घरचं कधी बुडालं तर त्या दहांपैकी कुणाकडून तरी परत मागता येतं. वाणाची यादी करायला घेतली असेल तर डबे खोडा आणि तिथे चवळी लिहा.