घड्याळ दाबा, कमळ फुलेल

अमेरिकेत बेसबॉलचे तीन-चार संघ एकदम आपसात खेळाडूंची अदलाबदल करतात आणि दुसऱ्या दिवशी तिथले समीक्षक निकाल लावतात: अमका कमावला, तमका बुडाला. खेळाडूला बहुधा कुणी विचारतही नाही. गोंदिया जिल्हा या बाबतीत बराच पुढारलेला. इथे खेळाडूच स्वतःचा सौदा ठरवतो.

२०२४ च्या विधानसभेतलं अर्जुनी मोरगावच बघा. २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या मनोहर चंद्रिकापुरेंनी भाजपचे माजी मंत्री राजकुमार बडोले यांना ७१८ मतांनी पाडलं होतं. पुढे दोन्ही पक्ष महायुतीत नांदू लागले आणि जागा राष्ट्रवादीला सुटली. तेव्हा राष्ट्रवादीने जिंकलेल्या आमदाराचं तिकीट कापून हरलेल्या बडोलेंच्या मनगटावर घड्याळ बांधलं. चंद्रिकापुरेंचे चिरंजीव प्रहार पक्षाकडून उभे राहिले. काँग्रेसने दिलीप बन्सोडांना उतरवलं, तेही एकेकाळचे राष्ट्रवादीचेच आमदार. राष्ट्रवादीची माणसं अशी सगळीकडे पुरली. फक्त राष्ट्रवादीलाच पुरली नाहीत, तिथे भाजपमधून मागवावी लागली.

निकालात बडोले अव्वल, यात वाद नाही. भाजपने माणूस दिला, पण तो युतीच्याच अंगणात राहिला; घरातलं भांडं शेजारी ठेवून जेवायला तिथेच जाण्यातला हा प्रकार. प्रहारला उमेदवार मिळाला, आमदार नाही. सगळ्यात हाल भाजपच्या बूथवरच्या कार्यकर्त्याचे. ज्या घड्याळाने ७१८ मतांनी घात केला म्हणून पाच वर्षं बोटं मोडली, तेच दाबा म्हणून त्याला दारोदार फिरावं लागलं. त्याचे गुण कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

गोंदिया शहराचा सौदा साधा, पण चक्राकार. गोपालदास अग्रवाल २०१९ मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये आले, म्हणून भाजपचे विनोद अग्रवाल बंड करून अपक्ष लढले आणि जिंकले. २०२४ मध्ये गोपालदास काँग्रेसमध्ये परतले, विनोद कमळावर उभे राहिले आणि पुन्हा जिंकले. आडनाव दोन्ही बाजूंना एकच असल्याने मतदाराची तेवढी तरी सोय. काँग्रेसला आपला जुना माल परत मिळाला, तो ६० हजारांहून अधिक मतांच्या पराभवासकट. माजी आमदार रमेश कुथे त्याच वर्षी भाजपमधून ठाकरेंच्या शिवसेनेत परतले होते. जागा मात्र आघाडीत काँग्रेसने घेतली.

आमगावात काँग्रेसने तेव्हाचे आमदार सहसराम कोरोटेंना डावललं. ते पुढे शिंदेंच्या शिवसेनेत गेले. तिथे स्वागत झालं, शाल मिळाली असेल, पण महायुतीत ती जागा भाजपकडे होती आणि भाजपचे संजय पुराम निवडून आले. धनुष्य हाती आलं, तेव्हा मैदान दुसऱ्याच्या नावावर होतं.