वऱ्हाड आपल्या घरचं

पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात माणसं प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. डासांना मात्र पाणी कमी पडल्याचं कधी ऐकिवात नाही. हिवताप वाहणाऱ्या ॲनॉफिलिसच्या जातींनी आपसात पाण्याची वाटणीही समजुतीनं केली आहे. भातखाचरं आणि डबकी क्युलिसिफेसिसची, डोंगरातले संथ ओहोळ फ्लुव्हिएटिलिसचे आणि आपण जिवापाड जपलेली पिंपं, टाक्या स्टीफेन्सीच्या. रोह्याकडे कुंडलिकेचे कालवे उन्हाळी भात भिजवतात, तेव्हा तिकडच्या क्युलिसिफेसिसची उन्हाळ्याचीही चिंता मिटते.

भिंतीवर बूड वर करून तिरकी बसलेली दिसली, की ती ॲनॉफिलिस समजावी. नराला रक्ताशी कर्तव्य नसतं, तो फुलांच्या रसावर खूश. मादीला रक्त हवं असतं ते अंड्यांसाठी. त्यातही क्युलिसिफेसिसला माणसापेक्षा गुरं अधिक पसंत. गोठा सोडून ती आपल्या अंथरुणाशी आली, तर त्यात आपण फुशारून जाण्यासारखं काही नाही.

आपला मोठेपणा खरा उतरवला तो रोनाल्ड रॉस यांनी. सिकंदराबादेत हुसेन खान नावाच्या रुग्णाला चाव्यामागे एक आणा देऊन त्यांनी डास चावून घेतले आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी अशाच एका डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. आपण रोज रात्री फुकट चावून घेतो, हा भाग वेगळा.

पुढे सगळा संसार उलगडला तेव्हा कळलं, की या जंतूचं लग्न लागतं ते डासिणीच्या पोटात. आपल्या रक्तात नुसते उपवर मुलगे-मुली तयार होतात, कार्यालय तिचं. म्हणून जीवशास्त्राच्या वहीत मुख्य यजमान डासीण, आणि आपण मधले! लग्नानंतरची प्रजा तिच्या लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. डासिणीचं आयुष्य मुळात थोड्या आठवड्यांचं, त्यामुळे बहुतेक जणी त्याआधीच मरतात. हिवताप देतात त्या वयस्क बायका. भिंतींवर औषध फवारतात ते यासाठीच: रक्त पिऊन भिंतीवर टेकलेली डासीण म्हातारी होऊ नये, एवढंच पुरतं.

आणि डासीण काही जन्मतः हिवताप घेऊन येत नाही. तिला तो आपल्यातल्याच कुणाकडून मिळतो. म्हणजे वऱ्हाड निघतं ते आपल्या घरातून, आणि शिव्या खाते कार्यालयवाली.

तरी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर थेंबभर रक्त घ्यायला आरोग्यसेवक दारात आला, की आपल्याला सतरा कामं आठवतात. त्यात व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला, तर प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या असतात. ताप तिसऱ्याच दिवशी उतरतो आणि उरलेल्या गोळ्या देवळीत पडून राहतात. इकडे यकृतात दडून बसलेले जंतू पुन्हा तयारीला लागतात. डासिणीला पत्रिका पाठवायची गरजच पडत नाही. तिचं कार्यालय संध्याकाळपासून उघडंच असतं.